सव्वीस नंबरची खाट

मेढा, १२ ऑक्टोबर १९४३

ती. आक्का,

वर्धमानचा नमस्कार. मुंबईहून लिहिलेल्या माझ्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. याला देशील असंही नाही. पण मी आता सातारा जिल्ह्यात आहे, कुपवाडपासून एका दिवसाच्या वाटेवर, हे तुला कळलेलं बरं.

प्रयोगशाळेने मला प्लेगच्या छावणीवर पाठवलं आहे. उंदीर पडू लागले तसे लोक गाव सोडून माळावर खोपी बांधून राहिले. त्यांच्यापासून लांब, ओढ्याच्या पलीकडे, आमची तट्ट्यांची छावणी. एका रांगेत पुरुष, एका रांगेत बायका. शेवटच्या खोपीत माझं सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा आणि उंदरांचे पिंजरे.

पिंजऱ्यांचं नाव आलं म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस. तू आणि दाजी मुंबईला आलात तेव्हा मी एका उंदराच्या पाठीवर पिवळा ठिपका देऊन त्याला सुई टोचत होतो. तू दारात उभी होतीस. "हा मरणार?" एवढंच विचारलंस. मी हो म्हणालो. त्याच दिवशी तुम्ही परत निघालात. फलाटावर दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तू खिडकीकडे तोंडही केलं नाहीस.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस, पाणी गाळून प्यायला शिकवलंस. तुला ते बघवलं नाही यात नवल नाही. मी फक्त झालं ते सांगतो. ज्या उंदरांना नवी गोळी दिली त्यांतले बहुतेक जगले. ज्यांना दिली नाही त्यांतले बहुतेक मेले. म्हणून ती गोळी माणसांपर्यंत आली.

माणसांत ती किती चालते ते अजून कुणाला ठाऊक नाही. प्लेगमधून काही माणसं औषधावाचूनही उठतात. तेव्हा एखादा उठला तर गोळीनेच उठला असं म्हणता येत नाही. यासाठी नियम केला आहे. बाई असो की पुरुष, येईल त्या क्रमाने नंबर द्यायचा. विषम नंबराला गोळ्या. सम नंबराला जुना उपचार, म्हणजे शिरेतून आयोडीन, गाठीवर शेक, हृदयाला बळ देणारं औषध. शेवटी दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहायच्या. लढाईमुळे बोटी अडकल्या आहेत, त्यामुळे गोळ्याही निम्म्यांनाच पुरतील एवढ्या आल्यात.

कुपवाडला उंदीर पडले तर घरात थांबू नका. सगळ्यांनी टोचणी घ्या. दाजींना नमस्कार.

तुझा
वर्धमान


मेढा, ९ नोव्हेंबर १९४३

ती. आक्का,

इथली साथ उतरली. खाटा रिकाम्या होत आहेत. आठवडाभरात छावणी मोडेल.

एक गोष्ट लिहायची आहे. डोंगरावरच्या एका वाडीतून जोतीराम नावाचा शिपाई आला होता. पलटणीतून रजेवर आलेला. बरोबर आई, बनुबाई. आई गाडीतून उतरली, हा मात्र गाडीमागून चालत आला आणि अंगात ताप असताना मला सलाम ठोकला. नंबर सम पडला. शेजारच्या खाटेवर विषम नंबरचा एक म्हातारा होता, त्याच्याबद्दल आम्हाला फारशी आशा नव्हती. म्हातारा उठून बसला, भाकरी मागू लागला. जोतीराम गेला.

बनुबाई रडली नाही. माझ्या खोपीच्या दाराशी येऊन बसली.

"दागदर, त्या म्हाताऱ्याला गोळ्या दिल्यासा. माज्या जोतीला का न्हाई?"

मी तिला नियम सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला.

"म्हंजी नंबर जोडीचा पडला म्हून?"

"हो."

"आन त्याला इचारलं का? आला तवा शुद्धीवर व्हता की. त्याला न्हाई तर मला इचारायचं."

मी म्हणालो, विचारलं तर सगळेच गोळी मागतील.

"मागतीलच की," ती म्हणाली. "मान्सं हायती ती. का तुमी उंदरं धरल्यात?"

तू तिला कधी भेटलेली नाहीस. तरी ती बोलत होती तेव्हा मला तुझा आवाज ऐकू येत होता.

मी छावणीच्या मुख्य साहेबांशी बोललो. पुढच्या छावणीत जो रोगी शुद्धीवर असेल त्याला त्याचा नंबर आणि त्याचा अर्थ मी सांगणार आहे. साहेब म्हणाले, "सांगा. पण नंबर हलणार नाहीत." मी कबूल झालो.

तुझा
वर्धमान


कुपवाड, २८ नोव्हेंबर १९४३

चि. वर्धमान यास आक्काकडून,

तुजी पत्रं पोचली. उत्तर द्यायचं न्हवतं. पर परवा बस्तीच्या देवळामागं उंदीर पडले आन काल आमच्या परड्यात. घर सोडलं. हळदीच्या रानाच्या कडंला खोप घातलीया. तुजे दाजी म्हणाले, वर्धमानला कळीव. म्हणून लिवते.

टोचणीला आमच्यातलं कुणी गेलं न्हाई. सासूबाई म्हणाल्या, त्या सुईत मेलेलं जंतू असत्यात, आपल्यात चालायचं न्हाई. मीबी गप बसले.

मला सातवा हाय. तुला कळीवलं न्हवतं.

त्या बनुबाईचं वाचलं. परत एकदा काढून वाचलं. तिचं खरं हाय. तू तिला काय उत्तर दिलंस ते पत्रात न्हाई.

राजमती


कुपवाड छावणी, ११ डिसेंबर १९४३

ती. आक्का,

मी तुमच्या शिवारातच आलो आहे. संस्थानाची परवानगी मिळाली आणि साहेबांनी छावणी इथे हलवली. माझ्या खोपीतून तुमची हळद दिसते. पानं पिवळी पडायला लागली आहेत.

तू इकडे येऊ नकोस. तुझ्या दिवसांत या माळावर पाऊल टाकणं बरं नाही. मीही तुमच्या खोपीवर येणार नाही, कारण माझ्या कपड्यांतून पिसू जायची. ज्ञानू छावणीची गाडी हाकतो, पाणी आणि सरपण आणतो. तो पत्रं पोचवेल. काल दाजी त्याच्या गाडीमागून कुंपणापर्यंत आले होते. लांबूनच बोललो. ते म्हणाले, "राजी वाचती तुजी पत्रं. बोलत न्हाई, पर वाचती."

बनुबाईला मी काही उत्तर दिलं नव्हतं. तिची गाडी निघाली तेव्हा जोतीरामची पलटणीची पेटी मी गाडीत चढवली, एवढंच.

वर्धमान


छावणी, १९ डिसेंबर, सकाळ

आक्का,

दाजी छावणीत व्यवस्थित पोचले. खिडकीजवळची खाट दिली आहे. जांघेत गाठ आहे, ताप बराच आहे, नाडी जलद पण भरलेली. शुद्ध पूर्ण. सासूबाई जवळ आहेत. गाळलेलं पाणी त्यांनी घरून आणलं आहे. मी स्वतः लक्ष ठेवून आहे. काळजी करू नकोस, नीट जेव.

वर्धमान


१९ डिसेंबर

वर्धमान,

ताप कळला, नाडी कळली. नंबर लिवला न्हाईस.

आक्का


छावणी, १९ डिसेंबर, दुपार

आक्का,

नंबर सव्वीस.

वर्धमान


१९ डिसेंबर

वर्धा,

सव्वीस जोडीचा हाय.

गोळी दे त्यांना. मी तुज्यापाशी आजवर काय मागितलं न्हाई. उंदरांचं मी मनात धरलं व्हतं, ते सोडलं. किती मेले ते मेले. मला आता त्यांचं काय वाटत न्हाई, असं लिवायची पाळी आली. ज्ञानू हितंच उभा हाय, त्याच्याच हाती देते. दे त्यांना गोळी.

तुजी आक्का


छावणी, २७ डिसेंबर १९४३

ती. आक्का,

दाजी गेल्याचा निरोप तुला ज्ञानूच्या तोंडून कळला. मी यायला हवं होतं. छावणीत त्या दिवशी दुसरा डॉक्टर नव्हता. हे कारण खरं आहे, आणि अपुरं आहे.

काय झालं ते सासूबाईंना पूर्ण माहीत नाही. तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

तुझी चिठ्ठी घेऊन मी साहेबांकडे गेलो. ते वाचून म्हणाले, "घरचा माणूस प्रयोगात ठेवणं बरोबर नाही. त्यांना बाहेर काढा आणि गोळ्या सुरू करा. मात्र गोळ्या मोजून आल्या आहेत. त्या पुढच्या रोग्याच्या वाट्याच्या जातील, आणि सव्वीस नंबर त्यालाच द्यावा लागेल. नंबर मोकळा सोडता येणार नाही."

मी बाहेर आलो तर फाटकात गाडी उभी होती. गाडीत घोंगड्याखाली शालूबाई, तुमच्या रानात तण भांगलायला येते ती. तिचा नवरा आसामकडे लढाईवर आहे. गाडी हाकणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, "कुठं ठेवू हिला?" मी त्याला थांबायला सांगितलं आणि दाजींच्या खाटेपाशी गेलो.

मी मेढ्याहून ठरवून आलो होतो, की शुद्धीवरच्या रोग्याला सगळं सांगायचं. छावणीतल्या प्रत्येकाला तसं सांगितलं होतं. दाजींनाही सकाळीच नंबराचा अर्थ सांगितला होता. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "माज्या गाठीतलं पाणी उंदराला टोचलंस, तो मरंल?" रोग प्लेगच आहे ना, हे पक्कं करायला प्रत्येक रोग्यामागे एक उंदीर लागतो. मी हो म्हणालो. त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले आणि पुटपुटत णमोकार म्हटला. माझ्यावर रागावले नाहीत.

दुपारी मी त्यांना साहेबांचं म्हणणं सांगितलं.

"गाडीत कोण हाय?" त्यांनी खिडकीतून फाटकाकडे बघून विचारलं.

"शालूबाई."

"आपली शालू?"

"हो."

"मला काढलं तर तिला सव्वीस?"

"हो."

"आन न्हाई काढलं तर?"

"सत्तावीस. म्हणजे गोळ्या."

त्यांनी पाणी मागितलं. सासूबाई धुणं वाळत घालायला गेल्या होत्या, मी तांब्या दिला. पाणी पिऊन बराच वेळ ते डोळे मिटून पडले. मग म्हणाले, "गोळी घेतली तर मी उठतोच, अशी खातरी हाय?"

"खात्री नाही. आशा जास्त."

"तिचंबी तसंच?"

"तिचंही तसंच."

"मग नंबर हाय तसा राहू दे."

मी म्हणालो, दाजी, आक्काची चिठ्ठी आली आहे. ती वाचून दाखवली. ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "वर्धमान, ताप हाय, पर डोकं ठिकाणावर हाय. गाडीत कोण हाय ते कळलं नसतं तर घेतली असती मी गोळी. आता कळलंया. राजीला तू काय सांगू नगंस. उठलो की मीच सांगतो."

शालूबाईला बायकांच्या रांगेत नेलं. सत्तावीस नंबर दिला.

सम नंबरातलेही उठलेले आहेत. दाजी त्यांच्यातले होतील असं मला वाटलं होतं. आधी तसं दिसलंही. ताप उतरला होता, त्यांनी ताक मागितलं, हळद काढायला गडी कोण मिळतील ते बोलले. मग छाती भरली. त्यानंतर फार वेळ लागला नाही. शेवटी शुद्ध नव्हती, त्रास होत होता असं वाटलं नाही.

शालूबाई अजून आहे. ताप चढतो, उतरतो. तिचं सांगता येत नाही.

वर्धमान


कुपवाड, १६ जानेवारी १९४४

वर्धमान,

पत्र वाचलं. सासूबाईंना वाचून दाखवलं न्हाई.

तू त्यांना का इचारलंस?

बनुबाई म्हणाली, का इचारलं न्हाईस. तिचं पोरगं व्हतं, ती बोलली. मीच तुला लिवलं की तिचं खरं हाय. तू ते धरून बसलास आन माज्या नवऱ्याच्या उशाशी जाऊन इचारलंस. ज्याचं जगणं मेल्याल्या किड्यापायी आडायचं, वाटंवरची मुंगी चुकवून जो पाय टाकायचा, त्याला तू इचारलंस की तू जगतोस का शालू जगू दे. तो दुसरं काय म्हणणार व्हता? तुला म्हाईत न्हवतं? तू लहानपणापास्नं त्यांना बगितलंयस.

पाण्यात गोळी घालून द्यायची व्हतीस. तांब्या तुज्याच हातात व्हता. त्यांना कळलं नसतं, शालूला कळलं नसतं, मलाबी तू सांगितलं नसतंस तर चाललं असतं. ते पाप मी घेतलं असतं.

तू साहेबाला इचारलंस, त्यांना इचारलंस. तुजं तू काय ठरीवलंस?

पत्र लिवू नगंस.

राजमती


मुंबई, २० जून १९४४

ती. आक्का,

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून इतके महिने लिहिलं नाही. तुला मुलगी झाली हे मला फेब्रुवारीत ज्ञानूकडून कळलं. दोघी सुखरूप आहात एवढंच तो म्हणाला. त्यानंतर छावणी मोडली आणि मी इकडे आलो.

आज लिहायचं कारण असं. सगळ्या छावण्यांचे आकडे एकत्र केले. गोळीची बाजू इतकी स्पष्ट वरचढ निघाली, की सम नंबर ठेवणं साहेबांनी बंद केलं. बोटी येऊ लागल्यात. येत्या साथीत गोळी सगळ्यांना मिळेल. कुणाला नंबर पडणार नाही.

मुंबईला येण्याआधी मी मेढ्याला उतरून बनुबाईच्या वाडीवर गेलो होतो. तिला हे सांगायचं होतं. ती नाचणी दळत होती, जातं थांबवलं नाही. मी म्हणालो, आता सगळ्यांना गोळी मिळेल. तिने विचारलं, "मग माजा जोती जगला असता?" मी म्हणालो, शंभर माणसांचं मला सांगता येतं, एका माणसाचं सांगता येत नाही. ती म्हणाली, "मला एकच व्हता." मग उठून तिने मला ताक दिलं.

दाजींचंही मला सांगता येत नाही. गोळी घेऊनही गेलेले आहेत. शालूबाई गोळीवाचूनही उठली असती, असंही होऊ शकतं. हे मी सुटका म्हणून लिहीत नाही. जेवढं माहीत आहे तेवढं लिहितो.

तू विचारलंस, मी काय ठरवलं. तांब्या हातात होता तेव्हा गोळ्याही माझ्या खिशात होत्या. साहेबांनी दिल्या होत्या. दाजी डोळे मिटून पडले होते, तेवढ्या वेळात त्या तांब्यातल्या उरलेल्या पाण्यात टाकता आल्या असत्या. मी टाकल्या नाहीत. ते बोलायची वाट पाहिली. याहून जास्त मला सांगता येत नाही.

मी प्रयोगशाळेतच आहे. दुसऱ्या एका रोगावर काम सुरू झालं आहे.

वर्धमान


कुपवाड, ६ ऑगस्ट १९४४

चि. वर्धमान यास,

आक्काकडून. पत्र पोचलं. खिशातल्या गोळ्यांचं वाचून दोन दिस जेवान गेलं न्हाई. मग गेलं. अंगावर पिणारं पोर हाय.

हळदीची भांगलण चालू हाय. शालूबाई येती. अंगात ताकद आली न्हाई अजून, बायकांसंगं वळ धरून काम होत न्हाई तिला, मधीच बसती. तिच्या नवऱ्याचं पत्र आलंया, जिता हाय, पायाला लागलंय, घरला लावून देणार हायती. ते पत्र मीच वाचून दाखवलं. हसली आन रडली. म्हणाली, "वैनी, मालक गेलं आन माज्यासारखी उरली. ह्याला काय म्हणायचं?"

खरं काय ते माज्या ओठावर आलं व्हतं. पोरगी तिच्याच मांडीवर व्हती, तिच्या बांगड्या धरून वढत व्हती. मी म्हणाले, "काय म्हणायचं न्हाई. तुला गोळ्या लागू पडल्या."

सांगितलं तर ती जलमभर आमच्या दारात मान खाली घालून उभी ऱ्हाईल. रानात याची न्हाई, पोरीला घ्याची न्हाई. त्यांनी तिला जगायला जागा केली, मी ती परत कशाला अडवू? तूबी कवा बोलू नगंस. सासूबाईंना ठावं न्हाई. तुला आन मला, दोघांनाच.

तू पाण्यात गोळी टाकली असतीस तर मी तुला काय म्हणाले असते, त्याचा मी लय इचार केला. त्यांचं मन मोडलंस म्हणून कवातरी बोललेच असते, असं वाटतं. पर ते जिते असते आन मी बोलले असते. त्यात लय फरक हाय. तुज्या आकड्यात तो बसत न्हाई.

पोरीला आता सातवा महिना लागंल. दाजींसारखं कपाळ हाय, रागाला आली की तुज्यासारखी गप बसती. पर्युषण झालं की जावळ काढायचं. न्हावी सांगून ठेवलाय. जावळाला मामाची मांडी लागती. सासूबाई म्हणाल्या, चुलतभावातला कुणीतरी बसीव. मी न्हाई म्हणाले.

माजा राग गेला असं समजू नगंस. राग माजा हाय, तो माज्यापाशी ऱ्हाईल. तू ये.

तुजी आक्का